चाकाचं दार

सायकलीचं जे फिरत नाही आणि ज्यावर माणूस बसत नाही, ते सगळं काढून टाकावं, असं माझं ठाम मत होतं. गिऱ्हाइकाने विचारलं नसलं तरी मी ते ऐकवत असे. साखळीचं कव्हर म्हणजे खडखडाटाचं घर, पुढची टोपली म्हणजे हँडलला दिलेली शिक्षा. घंटीला मात्र माझी हरकत नव्हती, कारण धरणगावच्या बाजारातून घंटीशिवाय सायकल काढली तर कोणाच्या ना कोणाच्या मिरच्यांच्या टोपलीत जाऊन पडायची खात्री असे.

संपादकांनी माझ्या धंद्यावर लिहायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाही म्हटलं. दिवाळीच्या अंकात लोक चकली खाता खाता वाचणार, त्यात पंक्चर आणि ग्रीस कोणाला हवं? पण ते काही पाठ सोडेनात. मग ठरवलं, सगळं आयुष्य सांगत बसण्यापेक्षा ज्या एका प्रश्नावर मी लोकांशी सगळ्यात जास्त भांडलो, तेवढंच सांगावं. बायकांच्या सायकलीच्या मागच्या चाकावर जी जाळी असते, ती ठेवावी की काढून टाकावी?

आजच्या पोरांनी ती जाळी पाहिलीही नसेल. मागच्या चाकावर जो मडगार्ड असतो, त्याच्या दोन्ही कडांना बारीक भोकं पाडलेली असायची. त्या भोकांतून दोऱ्या ओवून खाली चाकाच्या मध्याशी आणून बांधायच्या. चाकाच्या तारा जशा पसरतात तशाच या दोऱ्या, पण फिरत नाहीत. पातळाचा पदर किंवा सोगा वाऱ्याने चाकाकडे गेलाच, तर तो दोरीवर आपटून परत येतो, तारांत शिरत नाही. एवढंच तिचं काम.

मी धंदा शिकलो जळगावात काकांच्या दुकानात. तिथेच एक जाळीवाचूनचा प्रसंग पाहिला. नशिराबादचा एक नवरदेव लग्नाच्या आठवड्यातच नव्या बायकोला मागे कॅरिअरवर बसवून जळगावला निघाला. पुरुषाची सायकल, जाळी कुठून असणार? वाटेत तिच्या शालूचा पदर चाकात गेला आणि गोल गोल गुंडाळत पार कण्यापर्यंत पोचला. सायकल आपोआप थांबली म्हणून बरं, कोणाला लागलं नाही. पण पदर काही निघेना आणि बाई तो कापू देईना. शेवटी ती तिघं, म्हणजे नवरा, बायको आणि चाक, एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत बैलगाडीतून आमच्या दुकानात आली. काकांनी बाईंना खुर्ची दिली आणि मला चाकाच्या सगळ्या तारा एकेक करून सोडवायला बसवलं. शालू सुटला, काळा झाला पण फाटला नाही. नवरदेव तोवर भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी त्यावरून काढलेला धडा असा की मागे बसणाऱ्याने पदर खोचून बसावं. जाळी लावावी, असा धडा काही मी काढला नाही. कारण जाळीचा शत्रू आमच्या पायाखालीच होता.

आमच्या काळ्या मातीची ओळख बाहेरच्या माणसाला करून द्यायला हवी. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पावसात तीच माती अशी चिकटते की चप्पल उचलली तर शेत सोबत येतं. सायकलचं चाक त्यातून गेलं की टायरवर मातीचा थर चढतो, थर मडगार्डला घासतो, मडगार्ड भरतो, आणि दोन शेतं ओलांडेपर्यंत चाक फिरायचं थांबतं. म्हणून आमच्याकडे रिवाजच होता. आषाढ लागला की लोक सायकली घेऊन दुकानात येत आणि मडगार्ड काढून ठेवून जात. दसऱ्याला, खंडेनवमीच्या आधी येऊन पुन्हा बसवून नेत. मी त्याला मडगार्डांचा चातुर्मास म्हणत असे. धरणगावात माझं स्वतःचं दुकान झालं तेव्हा मागची अख्खी भिंत खिळ्यांनी भरली होती, आणि पावसाळाभर त्या भिंतीवर पंचक्रोशीचे मडगार्ड लटकत असत. कोणता कोणाचा, हे मला पोचे पाहून कळे.

मडगार्ड निघाला की जाळीही निघणार, कारण ती त्याच्याच भोकांना बांधलेली. तशीही बायकांची सायकल दुकानात येई ती क्वचित, डॉक्टरांच्या किंवा मामलेदारांच्या घरची, आणि ती डांबरी सडकेखाली कधी उतरत नसे. त्यामुळे माझं मत निवांत होतं. ते हलवलं नलिनीबाईंनी.

नलिनीबाई सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आल्या, त्या धुळ्याकडून. स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती, आमचा जिल्हा अजून पूर्व खानदेशच म्हणवत होता. नाल्यापलीकडची चार-पाच गावं आणि पाडे त्यांच्याकडे होते. बाळंतपण हे मुख्य काम. आधीची नर्स पायी जाई, म्हणजे जवळच्या गावापुढे जातच नसे. नलिनीबाईंनी सायकल मागून घेतली. पांढरं पातळ, कॅरिअरला पेटी, मागच्या चाकाला जाळी. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाजारातली माणसं भाव करायचं थांबून पाहत होती.

आषाढात त्या दुकानात आल्या. मी रिवाजाप्रमाणे पाना उचलला आणि मडगार्ड काढायला वाकलो. त्यांनी सायकल मागे ओढली. म्हणाल्या, मडगार्डचं काय करायचं ते करा, पण जाळी राहिली पाहिजे. मी म्हटलं, बाई, जाळी त्यालाच बांधलेली आहे, आणि ठेवली तरी तिच्यात एवढी माती बसेल की तुम्हीच सायकल खांद्यावर घ्याल. त्यांनी शांतपणे विचारलं, "आणि पदर गेला तर?" मी नशिराबादच्या नवरदेवाची गोष्ट सांगून टाकली. खोचून बसावं, म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. पलीकडच्या मोठ्या गावचे सरपंच नाना, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस, त्यांनी दवाखान्यात येऊन बजावलं होतं. नर्स मिळावी म्हणून त्यांनी अर्जांवर अर्ज केले होते. बाई सायकलवरून पडली, हातपाय मोडला, तर वरून दुसरी बाई कोणी पाठवणार नाही, आणि बोल गावाला लागेल. तेव्हा एकदा जरी पातळ चाकात गेलं असं कानावर आलं, तर सायकल बंद. आणि सायकल बंद म्हणजे नाल्यापलीकडची गावं पुन्हा होती तशी. तिथे अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून आणायचे, आणि गाडी पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जायचं.

नाना वाईट नव्हते. त्यांच्या बोलण्यात खोट काढता येईना, हाच तर त्रास होता. त्यांच्या पत्नीने, अक्कांनी, एक उपाय सुचवला होता: आमच्यासारखं काष्टा घालून लुगडं नेसावं, मग चाक काय करणार? उपाय अगदी बरोबर होता, पण सरकारचा हुकूम पांढऱ्या पातळाचा. अक्का म्हणाल्या म्हणे, की मग सरकारलाच सायकलवर बसवा.

मी मडगार्डासकट जाळी ठेवली. पंधरवडाही गेला नसेल, एक दिवस दुपारी नलिनीबाई आल्या त्या सायकल ढकलत नव्हत्या, ओढत होत्या. मागचं चाक दिसतच नव्हतं. जाळी आणि तारा यांच्या मधे माती भरून वाळली होती, भिंत लिंपावी तशी. त्या पलीकडच्या गावाला बाळंतपणाला निघाल्या होत्या आणि अर्ध्या वाटेत चाक बसलं. सायकल तिथेच सोडून चिखलातून पायी पोचेपर्यंत गावातल्या म्हाताऱ्या बायांनी बाळंतीण सोडवली होती. आई आणि लेकरू दोन्ही सुखरूप, हे नशीब. पण बाईंना पायी आलेलं पाहून नाना एवढंच बोलले होते, "सायकल शे, तरी बाई पायीच उनी."

म्हणजे जाळी ठेवली तर माती, काढली तर पदर. दोन्हीकडून सायकलच हरणार. मला राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी कामाला लागलो.

त्या श्रावणात मी जे प्रकार केले ते आठवले की आज हसू येतं. माती चिकटू नये म्हणून दोऱ्यांना एरंडेल चोळलं. माती चिकटलीच, वर सायकलीला असा वास सुटला की दवाखान्याच्या दारात कुत्री जमू लागली. मग दोऱ्या काढून मेणकापड शिवलं, ते वाऱ्याने फुगलं आणि बाईंना सायकल एका बाजूला खेचू लागली. मग रॉकेलच्या डब्याचे पत्रे कापून दोन्ही बाजूंना ठोकले. पत्र्यात पदर जाणं शक्यच नव्हतं. पण ते असे वाजत की रस्त्यात एका गाडीचे बैल बुजले आणि गाडी मालकासकट ज्वारीत शिरली. मालक नानांकडे गेला. दर वेळी बाई सायकल घेऊन परत येत, काय झालं ते सांगत, आणि मी पुढचा प्रकार करत असे. माझं डोकं एकाच गोष्टीवर अडलं होतं, की चाक वाटेत थांबता कामा नये. नर्सबाई चिखलात सायकल थांबवून उभ्या आहेत, हे चित्रच मला नामुष्कीचं वाटत होतं.

शेवटी त्याच म्हणाल्या, "भाऊ, माती लागणारच. ती काढायला हात आत जाईल, एवढं करा."

मी म्हटलं, म्हणजे घडीघडी उतरून चाक साफ करत बसणार? लोक काय म्हणतील? त्या म्हणाल्या, उतरेन, लोकांचं मग पाहू.

माझ्या मनाला पटलं नाही, पण केलं. मडगार्ड काढून भिंतीवर टांगला. जाड तार वाकवून दोन चौकटी केल्या, त्यांवर मेण लावलेली सुतळी घट्ट विणली, आणि एकेक चौकट मागच्या चाकाच्या एकेका बाजूला बसवली. पेट्या करणाऱ्याकडून ट्रंकेच्या झाकणाच्या बिजागऱ्या आणल्या होत्या, त्यांनी चौकटी कॅरिअरच्या दांड्यांना जोडल्या. वर एक छोटी कडी. कडी काढली की जाळी दारासारखी उघडायची, माती खरवडायची, पुन्हा लावायची. नलिनीबाईंनी दोन-तीनदा उघडझाप करून पाहिली आणि पहिल्यांदा माझ्या दुकानात हसल्या. मडगार्ड नसल्यामुळे पाठीवर चिखल उडेल, म्हणून मी सावध केलं. पाठ धुता येते, म्हणाल्या.

इकडे नानांनी निरोप पाठवला होता. ज्वारीत गेलेल्या गाडीनंतर गावात दोन तट पडले होते, त्यामुळे काय ते सगळ्यांदेखत होऊन जाऊ दे. पोळ्याच्या दिवशी गाव वेशीवर जमतं, बैल सजवून आणतात, तेव्हा बाईंनी सायकल चालवून दाखवावी. वेशीपासून नाल्यापर्यंत आणि परत. जमलं तर पुढे कोणी बोलणार नाही. नाही जमलं तर नाना स्वतः सायकल दवाखान्यात जमा करतील.

मीही गेलो. दार माझं होतं, आणि न जाता घरी बसलो असतो तर जेवण गेलं नसतं.

पोळ्याला आमच्याकडे बैलांची शिंगं रंगवतात, झुली घालतात, पुरणपोळीचा घास देतात, आणि त्या दिवशी त्यांना कामाला जुंपत नाहीत. वेशीतल्या तोरणाखाली सगळे बैल उभे आणि त्यांच्या शेजारी नलिनीबाईंची सायकल. अक्का ताट घेऊन बैलांना ओवाळत आल्या, त्या सायकलीपाशी थांबल्या. हँडलला कुंकू लावलं आणि पुरणपोळीचा तुकडा सीटवर ठेवला. कोणीतरी हसलं, तशा त्या सायकलीकडे बोट दाखवून त्याला म्हणाल्या, "बैलसले दिधं, मंग हाईले काबर नही? काम ते हाईबी करस."

बाई निघाल्या. आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला होता. जाताना चाक बरं चाललं. वाऱ्याने सोगा दोनदा जाळीवर आपटला आणि परत आला, तो मी पाहिला, नानांनीही पाहिला. नाल्यापर्यंत जाऊन त्या वळल्या आणि येताना, वेस समोर दिसत असताना, चाक जड झालं. मला ते लांबूनच कळलं. त्यांची मान पुढे झुकली, पायडल अर्ध्यावर अडलं, आणि ऐन गावासमोर त्या उतरल्या. ज्या चित्राची मला लाज वाटत होती तेच भर पोळ्यात उभं राहिलं होतं.

बाईंनी कडी काढली, दार उघडलं आणि पेटीवर बांधलेली बांबूची कामटी घेऊन माती खरवडू लागल्या. कामटी मोडली. त्यांनी बोटं घातली.

तेव्हा नाना गर्दीतून निघाले आणि चिखलात उतरले. आता सायकल हातात घेऊन दवाखान्याची वाट धरतात, असं मला वाटलं. त्यांच्या हातात काठी होती. ती कसली हे शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. ओल्या रानात तण कापणारा वखर हाकताना त्याच्या फासेला, म्हणजे लोखंडी पात्याला, माती आणि गवत चिकटून गोळा होतो, मग वखर मातीत न शिरता वरच्या वर घसरत जातो. म्हणून शेतकरी टोकाला पोलादी पट्टी बसवलेली काठी जवळ ठेवतो, थोड्या थोड्या अंतरावर बैल थांबवतो, फास खरवडून साफ करतो आणि पुढे निघतो. नानांनी ती काठी बाईंच्या हातात दिली.

"लाकूडनी नही निंघाव ती. हाई ले."

पोलादी पट्टीपुढे माती फार टिकली नाही. नाना तिथेच उभे राहून पाहत होते. मग गर्दीकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "वखर हाकतांना आपण थांबतस का नही? मंग बाई थांबनी ते काय व्हयनं?"

त्या गर्दीतल्या प्रत्येकाने आयुष्यभर शेतात थांबून फास साफ केली होती आणि त्यात कोणाला कधी कमीपणा वाटला नव्हता. मला तो वाटत होता, कारण मी दुकानात बसणारा माणूस. बाईंनी दार लावलं, कडी घातली आणि सायकल वेशीत आणली. पाठीवर मानेपर्यंत चिखल, आणि चेहऱ्यावर असं काही की मला त्यांच्याकडे नीट पाहवेना, माझेच डोळे भरून आले होते.

काठी परत द्यायला गेल्या तर नाना घेईनात. पुढच्या बाजाराला ते स्वतः माझ्या दुकानात आले, ती काठी बाईंकडून मागून सायकलीला पुरेल अशी आखूड करून आणली होती. ती नळीला अडकवायला दोन पट्ट्या लावून दे म्हणाले. दसऱ्याला सगळ्यांचे मडगार्ड बसले, भिंत मोकळी झाली, पण बाईंची दारं कायमची राहिली. त्यांच्या सायकलीवर पांढरं पातळ आणि मागे चिखलाची नक्षी, हे पावसाळ्यातलं नेहमीचं दृश्य झालं. नाल्यापलीकडे किती लेकरं त्यांच्या हातून जन्माला आली त्याचा हिशेब मी ठेवला नाही. पण बाजाराच्या दिवशी कडेवर पोर घेतलेल्या बाया दुकानासमोरून जाताना त्या पोराला सायकल दाखवून काहीतरी सांगत, ते मी ऐकलं आहे.

नंतर दोघी शिक्षिकांनी तशी दारं करून घेतली. एक पहूरकडची होती, नातेवाइकाकडे आली असताना पाहून गेली आणि सायकल बैलगाडीत घालून घेऊन आली. माझी एकच हळहळ आहे. त्या चौकटींपैकी एकही मी ठेवून घेतली नाही. आता कोणाला समजावायचं तर हातवारे करावे लागतात, आणि माझे हातवारे पाहून नातवंडांना मी खिडकी उघडतोय असं वाटतं.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी नलिनीबाईंची बदली झाली. सायकल सरकारची, ती मागे राहिली. नवी नर्स आली, अगदी तरुण, शिक्षण नुकतंच संपलेलं. उन्हाळ्यात रस्ते कोरडे ठक्क होते. ती सायकल घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, भाऊ, ही काठी आणि ही दारंबिरं काढून टाका, उगाच ओझं. सायकलीला हलकंच बरं.

मी तिच्याकडे पाहिलं. शब्द जवळजवळ माझेच होते. सांगायला खूप होतं, नाना, अक्का, पोळा, सगळं जिभेवर आलं. पण चिखल न पाहिलेल्या माणसाला चिखल सांगून कळत नाही, मला तरी कुठे कळला होता. म्हटलं, बाई, आज हातात काम फार आहे. आषाढात या, तेव्हा काढू.

आषाढात ती आली. मी शिडीवर चढून भिंतीवर मडगार्ड टांगत होतो. गुडघ्यापर्यंत माती, पातळाचा मागचा भाग काळा, एका हातात सायकल आणि दुसऱ्या हातात नानांची काठी. नाल्यापलीकडून आली होती, मुलगी झाली म्हणाली. मी खाली उतरून पाना उचलला आणि विचारलं, काय, काढायची ना दारं?

ती काठी पट्ट्यांत अडकवत म्हणाली, "डावीकडची कडी सैल झालीये, भाऊ. तेवढी घट्ट करून द्या."